भीतीचं डिक्टेशन

शॉर्टहॅण्ड-टायपिंगवर घर चालवणारी एक विधवा. पदरात लेक, घरात आजारी आई. तिने पैशासाठी भयकथा लिहिल्या, त्या गाजल्या आणि मग लिहिणारी बाईच गायब झाली. वाचकांना तर ती बाई आहे हेही माहीत नव्हतं!

‘तुंबाड’ तुम्ही पाहिलाय हे मी गृहीत धरते. २०१८ साली थिएटरात चुकला असेल तर मोबाइलवर पाहिला असेल, नाहीतर २०२४ मध्ये परत लागला तेव्हा. पण त्याचं बी आपल्या जंगलात पडलं हे ठाऊक आहे का? १९९३ साली राही अनिल बर्वे नागझिऱ्यात मुक्कामाला होते. तेव्हा ते दिग्दर्शक वगैरे कुणी नव्हते. तिथे एका मित्राने त्यांना नारायण धारपांची एक गोष्ट सांगितली आणि त्यांची पार तंतरली. ती भीती त्यांनी पंचवीस वर्षं जपून ठेवली, मग तिचा सिनेमा झाला. (नागझिरा तेव्हा भंडारा जिल्ह्यातच होतं. गोंदिया वेगळा झाला तो १९९९ मध्ये. त्यामुळे तुंबाडवर थोडा हक्क आपलाही!)

आता गंमत बघा. धारपांची ती ‘आजी’ मुळात स्टीफन किंग या अमेरिकन लेखकाच्या कथेवर बेतलेली. म्हणजे अमेरिकेतली गोष्ट मराठीत आली, तिथून नागझिऱ्यातल्या गप्पांत, आणि तिथून पडद्यावर. भीतीची गोष्ट अशीच हातोहात फिरते. कुणी तिला नवे कपडे घालतं, कुणी गाव बदलतं. या सगळ्यात एक गोष्ट मात्र सहज गळून पडते. ती म्हणजे पहिल्यांदा सांगणाऱ्याचं नाव. सांगणारी बाई असली तर जरा जास्तच लवकर.

आपल्याकडे चकव्याच्या, मुंज्याच्या, हडळीच्या गोष्टी आपल्याला कुणी सांगितल्या? आजीने, मोठ्या मायने, नाहीतर रोवण्याला येणाऱ्या एखाद्या काकूने. पण लायब्ररीत भयकथांच्या कपाटासमोर उभे राहा. धारप, मतकरी... आणि मग बाईचं नाव शोधताना मान वाकडी होते. म्हणून आज एका बाईची गोष्ट. ती मराठी नाही, पण तिची अडचण एकदम ओळखीची आहे.

आठवीपर्यंतची शाळा

तिचं नाव गर्ट्रूड बॅरोज. जन्म १८८४ च्या आसपासचा, अमेरिकेतल्या मिनिअ‍ॅपोलिस शहरातला. शाळा आठवीपर्यंत. तिला चित्रकार व्हायचं होतं, मासिकांत चित्रं काढायची होती. त्यासाठी ती रात्रशाळेतही गेली. पण चित्रांवर पोट भरेना, तेव्हा तिने तेच केलं जे आपल्याकडच्या कितीतरी मुली करतात. ती स्टेनो झाली.

टायपिंग इन्स्टिट्यूटच्या पायऱ्या ज्यांनी झिजवल्यात त्यांना हे वेगळं सांगायला नको. मराठी ३०, इंग्रजी ४०, मग शॉर्टहॅण्डचे ८०, १००, १२०. मिनिटाला इतके शब्द आले की सरकारी जाहिरातीत ‘लघुटंकलेखक’ नाहीतर ‘लघुलेखक’ या रकान्यापुढे आपला अर्ज बसतो. दुसऱ्याने बोलायचं, आपण उतरवायचं. शब्द आपल्या हातातून जातात, पण ते आपले नसतात. गर्ट्रूडने आयुष्याची कितीतरी वर्षं हेच काम केलं. मला तिच्या कथा वाचताना हे सारखं आठवत होतं.

विशीच्या उंबरठ्यावर असताना तिने एक कथा लिहून थेट ‘आर्गोसी’ या मोठ्या मासिकाला पाठवली आणि ती चक्क छापून आली. मार्च १९०४. अपघातात सापडलेल्या एका माणसाला शुद्ध येते ती एका शास्त्रज्ञाच्या घरात, आणि एका अनोळखी धातूमुळे त्याच्या अंगात राक्षसी ताकद येते. सुपरहिरोंचे सिनेमे पाहून मोठे झालेल्यांना हे प्लॉट ओळखीचं वाटेल. ते १९०४ चं आहे! कथेखाली नाव होतं जी. एम. बॅरोज. आडनाव खरं, पण पुढे नुसती आद्याक्षरं. बाई की पुरुष, कळायला मार्ग नाही.

यानंतर तेरा वर्षं काहीच नाही.

त्या तेरा वर्षांत बरंच काही होऊन गेलं. १९०९ मध्ये तिने स्ट्यूअर्ट बेनेट नावाच्या इंग्रज पत्रकाराशी लग्न केलं आणि ती फिलाडेल्फियाला राहायला गेली. नवरा धाडसी, भटक्या. वर्षभरात तो बुडालेला खजिना शोधायच्या मोहिमेवर गेला आणि समुद्रातल्या वादळात गेला तो गेलाच. मागे गर्ट्रूड आणि तान्ही लेक. परत टाइपरायटर. पुढे आईचं आजारपण आलं, तिला सोडून ऑफिसात जाणं अवघड झालं. मग घरी बसून पैसे मिळतील असं काय करता येईल? तिला एक गोष्ट येत होती, जी तिने तेरा वर्षांपूर्वी एकदा करून पाहिली होती.

इथे त्या काळच्या मासिकांबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. लाकडाच्या लगद्याचा हलका पिवळट कागद, भडक मुखपृष्ठ, किंमत मामुली, आणि आत कथाच कथा. असली मासिकं लाखांनी खपायची. लेखकाला पैसे शब्दांच्या हिशेबाने. आपल्याकडे एसटी स्टँडवर बाबूराव अर्नाळकरांच्या ‘झुंजार’ आणि ‘काळा पहाड’ची पुस्तकं जशी हातोहात जायची, किंवा अनंत अंतरकरांच्या ‘नवल’ मासिकाची जशी वाट पाहिली जायची, तसाच तो मामला. समीक्षक नाक मुरडायचे, वाचक रांग लावायचे. भाडं आणि औषधं ज्या बाईला भागवायची आहेत तिने वाचकांच्या रांगेकडेच बघावं ना!

१९१७ मध्ये तिने ‘ऑल-स्टोरी’ साप्ताहिकाला एक लांब कथा दिली. या वेळी तिने स्वतःसाठी टोपणनावही सुचवलं होतं, जीन व्हेल. छापून आलं ते मात्र वेगळंच. फ्रान्सिस स्टीव्हन्स. हे नाव संपादकांनी ठेवलं. वाचकांना कथा आवडली, नाव रुळलं, आणि तेच तिला चिकटलं. इंग्रजीत फ्रान्सिस हे पुरुषाचंही नाव आणि बाईचंही, फरक फक्त स्पेलिंगमधल्या एका अक्षराचा. इथे छापलं होतं ते पुरुषाचं.

‘बायकांना तेव्हा पुरुषाच्या नावानेच लिहावं लागायचं’ असं वाक्य लगेच ठोकून द्यायचा मोह होतो. ते तितकं सरळ नाही. त्याच मासिकांत काही बायका स्वतःच्या नावाने लिहीत होत्या. पुढे १९३३ पासून सी. एल. मूर या नावाने गाजलेल्या कॅथरिन मूरने आद्याक्षरं वापरली ती बँकेतली नोकरी सांभाळायला. वरकमाई साहेबाला कळू नये म्हणून! आणि त्याच १९३३ साली आपल्याकडे ‘कळ्यांचे निःश्वास’ आलं ते विभावरी शिरूरकर या नावाने. कोण ही बाई म्हणून महाराष्ट्रभर गदारोळ झाला. त्या होत्या बाळूताई खरे, पुढच्या मालती बेडेकर. पण शिरूरकर हे नाव घेऊनही त्या बाईच राहिल्या, आणि नंतर स्वतःच्या नावाने जगासमोरही आल्या. गर्ट्रूडच्या नशिबात हे नव्हतं.

हवेत काय भरलंय?

१९१७ ते १९२० या तीन-चार वर्षांत तिने जे लिहून काढलं ते बघून धाप लागते. कादंबऱ्या क्रमशः चालू, मधेमधे कथा. सगळंच उत्तम आहे असं मी म्हणणार नाही. काही ठिकाणी शब्दांवर पैसे मिळतात हे लक्षात येतं, वर्णन उगाच लांबतं. ‘सिटाडेल ऑफ फिअर’ ही १९१८ ची कादंबरी घ्या. सुरुवातीला दोन साहसी गडी मेक्सिकोत एका हरवलेल्या प्राचीन नगरात पोचतात. हे सगळं तेव्हाच्या मासिकांना सवयीचं. मला खरी मजा आली ती पुढे. त्या दूरदेशीच्या नगरातलं काहीतरी अमेरिकेतल्या एका साध्यासुध्या उपनगरात येऊन पोचतं. बंगला, बाग, शेजारपाजार, आणि रात्री दाराबाहेर कुणीतरी घासत चाललंय. भीती लांबच्या जंगलात असली तर ती सहल. ती आपल्या गल्लीत आली की खरी भीती. हे गर्ट्रूडला पक्कं कळलं होतं.

‘क्लेम्ड’ या १९२० च्या कादंबरीतही तेच. समुद्रातून वर आलेल्या बेटावर एक हिरवी पेटी सापडते. ती एका म्हाताऱ्या श्रीमंत माणसाच्या हाती लागते आणि तो ती सोडायला तयार नाही. ज्याची पेटी आहे तो मागायला येतो, आणि येताना समुद्र घेऊन येतो. आपल्या लालसेपायी घर बुडवणारा म्हातारा! तुंबाड आवडलेल्यांनी इथूनच सुरुवात करावी. आणि हो, ज्या बाईचा नवरा समुद्राने नेला तिने हे लिहिलंय, हे वाचताना विसरता येत नाही.

पण मला सगळ्यात जास्त हलवलं ते एका छोट्या कथेने. ‘अनसीन—अनफिअर्ड’, फेब्रुवारी १९१९.

कथा फिलाडेल्फियातच घडते. एक माणूस मित्राबरोबर जेवून साउथ स्ट्रीटवरून घरी निघालाय. रस्त्यावर नेहमीची गर्दी, बरेचसे परदेशातून आलेले गोरगरीब. आणि अचानक त्याला त्या सगळ्यांची किळस यायला लागते. प्रत्येक चेहरा दुष्ट वाटतो. कारण काहीच नाही. तो एका घरात शिरतो. तिथे एक म्हातारा विचित्र प्रकाशात त्याला दाखवतो की आपल्या आजूबाजूची हवा रिकामी नाही. ती भरलेली आहे. सरपटणारे, लोंबणारे, बीभत्स जीव आपल्या अंगाखांद्यावरून फिरताहेत, आणि ते माणसांच्याच दुष्ट विचारांतून जन्मलेत. शेवटी विषबाधेचा एक खुलासा येतो. पण तो वाचूनही वाचणारा एकदा मागे वळून बघतोच.

आता तारीख परत पाहा. फेब्रुवारी १९१९, फिलाडेल्फिया. चार-पाच महिन्यांपूर्वी, २८ सप्टेंबर १९१८ ला, याच शहरात युद्धनिधीसाठी प्रचंड मिरवणूक निघाली होती. फ्लूची साथ दारात उभी असताना. पुढच्या काही आठवड्यांत शहरात १२ हजारांवर माणसं मेली. अमेरिकेतल्या सगळ्यात जास्त होरपळलेल्या शहरांपैकी ते एक. कथा फ्लूबद्दल नाही. ती कधी लिहून झाली आणि साथ तिच्या मनात होती की नव्हती, यावर मी पैज लावणार नाही. पण त्या शहरातल्या वाचकाने ‘हवेत न दिसणारं काहीतरी भरलंय’ हे वाचलं तेव्हा त्याला काय वाटलं असेल, ते २०२० आणि २०२१ बघितलेल्या आपल्याला कुणी समजावून सांगायची गरज नाही. समोरून येणारा प्रत्येक माणूस संशयित. भाजीवाला संशयित, बाहेरगावाहून आलेला संशयित. हवेतलं जे होतं ते होतंच, पण आपल्याच डोक्यातून निघालेलंही कमी नव्हतं.

जवाहरनगरच्या पोरांना तर भीती भुताच्या पुस्तकातून शिकावी लागत नाही. २४ जानेवारी २०२५ ला ऑर्डनन्स फॅक्टरीत स्फोट झाला, ८ कामगार गेले. त्या सकाळी ज्यांनी फोन लावून लावून बघितला, त्यांना कुठलीही भयकथा काय घाबरवणार? मग लोक असल्या कथा वाचतात तरी का? माझं उत्तर असं की खऱ्या भीतीला आकार नसतो, ती नुसती पोटात गोळा होऊन बसते. कथेतल्या भीतीला सुरुवात असते, मध्य असतो, आणि पुस्तक मिटता येतं. गर्ट्रूडच्या घरात तेव्हा काय काय होतं ते आठवा, म्हणजे मी काय म्हणते ते कळेल.

तिच्याकडे विनोदही होता बरं का. ‘फ्रेंड आयलंड’ या १९१८ च्या कथेत भविष्यकाळ आहे, कारभार बायकांच्या हाती आहे, आणि एक म्हातारी खलाशीण चहा पिता पिता आपली जुनी गोष्ट सांगते. जहाज फुटून ती एका बेटावर पोचते, आणि बेटालाच मन असतं. ती खूश तर ऊन, ती उदास तर बेट उदास. मग तिथे एक पुरुष येतो, चिडतो, शिव्या घालतो, आणि बेटाचा असा काही भडका उडतो की विचारू नका! बायकांचं राज्य ही कल्पना तेव्हा आपल्याकडेही होतीच. रुकय्या सखावत हुसेन यांचं ‘सुलतानाज ड्रीम’ १९०५ चं. आणि मराठीत काशीबाई कानिटकरांची ‘पालखीचा गोंडा’ १९२८ ची. एकमेकींचं नावही न ऐकता तीन बायकांनी तीन ठिकाणी एकच खोडी काढावी, हे मला फार आवडतं.

१९१९ च्या ‘द हेड्स ऑफ सर्बरस’मध्ये मात्र हसू नाही. एका कुपीतल्या राखाडी पुडीमुळे काही माणसं २११८ सालच्या फिलाडेल्फियात पोचतात. तिथे मूठभरांची हुकूमशाही आहे आणि सामान्य माणसांना नावं नाहीत, नुसते नंबर आहेत.

मेलेली बाई जिवंत होती

१९२० मध्ये आई गेली आणि गर्ट्रूडने लिहिणं थांबवलं. १९२३ मध्ये ‘विअर्ड टेल्स’ या नव्या मासिकात एक शेवटची गोष्ट आली आणि फ्रान्सिस स्टीव्हन्स हे नाव बंद पडलं. काही वर्षांनी ती कॅलिफोर्नियाला निघून गेली. लेक ओळखीच्या लोकांकडे राहिली, दोघींत अंतर पडलं. १९३९ नंतर पत्रंही थांबली. त्यामुळे ती १९३९ मध्येच वारली असं पुढे कितीतरी वर्षं पुस्तकांत छापलं जायचं.

इकडे तिच्या कथा मात्र मेल्या नव्हत्या. वाचकांची मागणी होती म्हणून १९४० नंतर एका मासिकाने तिच्या जुन्या कादंबऱ्या परत छापायला घेतल्या. फ्रान्सिस स्टीव्हन्स म्हणजे नक्की कोण, यावर वाचकांत पैजा. बऱ्याच जणांची खात्री होती की हे तेव्हाच्या एका लोकप्रिय पुरुष लेखकाचं, अब्राहम मेरिटचं, टोपणनाव आहे. इतकं चांगलं लिहिलंय म्हणजे त्याचंच! १९५२ मध्ये ‘सर्बरस’ पुस्तकरूपात आलं, सोबत लेखकाची माहिती आली, तेव्हा लोकांना समजलं की ही एक स्टेनो होती.

आणि नंतर संशोधकांना तिच्या मृत्यूचा दाखला सापडला. सॅन फ्रान्सिस्को, २ फेब्रुवारी १९४८.

म्हणजे जेव्हा तिच्या कादंबऱ्या नव्याने छापून येत होत्या, वाचक पत्रं लिहीत होते, मेरिटला शाबासकी देत होते, तेव्हा ती जिवंत होती. त्याच देशात.

आणखी एक किस्सा. तिच्या काळात ऑगस्टस टी. स्विफ्ट या नावाने ‘आर्गोसी’त तिची भरभरून तारीफ करणारी पत्रं आली होती. पुढे कुणीतरी ठरवलं की हा स्विफ्ट म्हणजे भयकथांचा बादशहा एच. पी. लव्हक्राफ्टच. दोघांचंही गाव एकच होतं, प्रॉव्हिडन्स. मग काय, ‘लव्हक्राफ्टने वाखाणलेली लेखिका’ म्हणून तिची जाहिरात सुरू. शेवटी निघालं काय? स्विफ्ट नावाचा खराच एक माणूस प्रॉव्हिडन्समध्ये राहत होता! एका साध्या वाचकाला तिच्या कथा मनापासून आवडल्या होत्या, एवढंच. मला विचाराल तर लव्हक्राफ्टच्या सर्टिफिकेटपेक्षा ते मोलाचं आहे.

२००४ मध्ये तिच्या कथांचा संग्रह आला तेव्हा संपादकांनी तिला ‘डार्क फँटसीचा शोध लावणारी बाई’ म्हटलं. ‘शोध लावला’ हे जरा जास्तच झालं. मेरी शेलीचं ‘फ्रँकेन्स्टाइन’ १८१८ चं (तेही पहिल्यांदा बिननावाचं छापलं होतं), शार्लट पर्किन्स गिलमनची ‘द यलो वॉलपेपर’ १८९२ ची. गर्ट्रूडच्या आधी बायका होत्याच. तिने काय केलं, तर परीकथेतल्या अद्भुताला घरातल्या भीतीशेजारी आणून बसवलं, आणि तेही लाखो लोक वाचतील अशा स्वस्त कागदावर.

आता कामाचं. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी कॉपीराइट संपतो. १९४८ धरा, म्हणजे २००८ च्या अखेरीपासून तिच्या कथा कुणीही मराठीत आणू शकतं, परवानगी नको, पैसे नको. मूळ इंग्रजी कथांपैकी बऱ्याच इंटरनेटवर फुकट आणि कायदेशीर वाचायला मिळतात. इंग्रजी शंभर वर्षांपूर्वीचं आहे, डिक्शनरी जवळ ठेवा. सुरुवात ‘फ्रेंड आयलंड’ने करा, ती छोटी आहे. आणि त्यातली म्हातारी खलाशीण पुस्तकी बोलत नाही, अस्सल गावरान बोलते. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी आयुष्यभर ज्या झाडीबोलीचा अभ्यास केला, ती तिच्या तोंडी किती फिट्ट बसेल बघा. हातात टायपिंगचा स्पीड आहेच, भरतीची जाहिरात निघेपर्यंत वेळही आहे.

एकच अडचण येईल. इंग्रजीत फ्रान्सिस पुरुष की बाई हे एका अक्षरावरून कळतं, आपल्या देवनागरीत दोन्ही सारखंच दिसतं. तेव्हा वर नाव कुठलं टाकायचं ते आधी ठरवा. संपादकांनी दिलेलं फ्रान्सिस स्टीव्हन्स, तिने मागितलेलं आणि न मिळालेलं जीन व्हेल, की दाखल्यावरचं गर्ट्रूड बॅरोज बेनेट.